पेरूच्या अमेझॉनमध्ये जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरूच्या अमेझॉन जंगलातल्या इक्वितोस शहराला मी दोनदा गेलो. एकदा मे महिन्यात, नदी तुडुंब असताना, आणि एकदा सप्टेंबरात, ती पार खाली गेलेली असताना. तेव्हापासून ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून तेच तेच प्रश्न विचारतं, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. हे सगळं इक्वितोस ज्यात येतं त्या, पेरूच्या लोरेतो प्रांताबद्दल आहे. ब्राझील, इक्वादोर, कोलंबियातले नियम वेगळे, नद्याही वेगळ्या.

अमेझॉन म्हणजे ब्राझील ना? मग पेरूला कशासाठी जायचं?

जंगलाचा सर्वांत मोठा भाग ब्राझीलमध्ये आहे हे खरं, पण पेरूचाही निम्म्याहून जास्त भूभाग अमेझॉनच्या जंगलाचाच आहे. मारान्योन आणि उकायाली या दोन नद्या नाउता गावाजवळ एकत्र येतात, आणि तिथून पुढे नदीला अमेझॉन म्हणतात. नाउताहून होडीने थोडं गेलं की तो संगम दिसतो. दिसतो म्हणजे काय, चहूकडे चहाच्या रंगाचं पाणीच पाणी. गाइडने हात करून दाखवलं नसतं तर मला कळलंही नसतं.

इक्वितोसला रस्त्याने जाता येतं का?

नाही. रस्त्याने बाकीच्या जगाशी न जोडलेलं जगातलं सर्वांत मोठं शहर म्हणून इक्वितोसचं नाव घेतात. शहरातून एकच मोठा रस्ता बाहेर पडतो, तो शंभरेक किलोमीटरवर नाउताला जाऊन संपतो. लिमाहून विमानाने दोन तास लागतात. वेळ हाताशी असेल तर युरिमाग्वासहून किंवा पुकाल्पाहून ‘लांचा’ने या. लांचा म्हणजे सिमेंट, कोंबड्या, केळ्यांचे घड आणि माणसं एकत्र वाहणारी दोन-तीन मजली बोट. आपली झोळी आपणच नेऊन बांधायची आणि त्यातच झोपायचं. युरिमाग्वासहून साधारण तीन दिवस लागतात, पुकाल्पाहून चार-पाच. पाणी कमी असलं की बोट वाळूत रुतते आणि हा हिशेब कोलमडतो.

कोणत्या महिन्यात जावं?

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि बहुतेक लोक तो चुकीच्या बाजूने विचारतात. ‘पाऊस कधी नसतो?’ म्हणतात. पाऊस बाराही महिने असतो. विचारायचं ते हे, की नदी किती उंचीवर आहे? अँडीजकडून येणाऱ्या पाण्यामुळे ती साधारण डिसेंबरपासून चढत जाते, एप्रिल-मेमध्ये टोक गाठते, मग उतरायला लागते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात तळाला जाते. या दोन टोकांमध्ये सात ते दहा मीटरचा फरक पडतो. म्हणजे दुमजली-तिमजली घराएवढा.

मे महिन्यात आम्ही एका छोट्या डोंगीतून जंगलात शिरलो, अक्षरशः झाडांच्या फांद्यांमधून. वल्हं मारताना फांदीवरच्या मुंग्या अंगावर पडत होत्या. सप्टेंबरात त्याच गावाजवळ त्याच वाटेने गमबूट घालून चालत गेलो. गाइडने एका झाडावर टॉर्च मारून वर बघायला सांगितलं. बुंध्यावर चिखलाची सरळ रेघ होती, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. ‘मे महिन्यात तू तिथे बसला होतास,’ तो म्हणाला.

तर, पाणी जास्त असताना होडीने जंगलाच्या खूप आत जाता येतं, माकडं आणि पक्षी डोळ्यांच्या उंचीवर येतात. चालायला मात्र जमीनच उरत नाही. पाणी कमी असताना पायी फिरता येतं, वाळूचे काठ उघडे पडतात, मासे कमी पाण्यात कोंडले जातात आणि त्यांच्यामागे बगळे, मगरी, डॉल्फिन सगळे गोळा होतात. डासही तुलनेने कमी. मला विचाराल तर पहिल्या खेपेला मे-जून. झाडांच्या माथ्यांमधून होडी नेण्याचा अनुभव दुसरीकडे सहजी मिळत नाही.

अलीकडच्या वर्षांत मात्र हे वेळापत्रक बिघडलंय. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी अमेझॉनच्या खोऱ्यात भीषण दुष्काळ पडला. सप्टेंबर-ऑक्टोबरात जाणार असाल, तर लॉजपर्यंत होडी पोचते आहे ना, हे आधी विचारून घ्या.

किती दिवस ठेवावेत?

नदीवर चार रात्री तरी. दोन रात्रींचं पॅकेज घेतलंत तर निम्मा वेळ होडीत जाण्यायेण्यात जातो. आणि कृपा करून एका फेरीत पाच ठिकाणं करू नका. एक नदी धरा, तिथेच राहा. तिसऱ्या दिवशी लोक तुम्हाला नावाने हाक मारायला लागतात आणि खरी सहल तिथून सुरू होते.

लसी आणि औषधं?

पिवळ्या तापाची लस जाण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची. एक डोस आयुष्यभर पुरतो. तिचं प्रमाणपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा. पेरू पिवळ्या तापाच्या देशांमध्ये मोडतो, त्यामुळे भारतात परतताना ते मागतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. माझ्या ओळखीच्या एकाने हे प्रमाणपत्र चेक-इनच्या बॅगेत टाकलं होतं. त्याची कथा तो आता रंगवून सांगतो, तेव्हा रंगली नव्हती.

मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. पेरूतले बहुतेक मलेरियाचे रुग्ण लोरेतोतच सापडतात. डेंग्यूवर मात्र गोळी नाही. पूर्ण बाह्या, मच्छरदाणी आणि डास पळवणारं क्रीम, एवढंच हाती आहे.

जग्वार दिसेल का?

नाही. म्हणजे दिसला तर नशीब, पण त्या आशेने जाऊ नका. इथलं जंगल दाट आहे, आणि उघड्या माळावर उभा असलेला प्राणी ही कल्पना आधी डोक्यातून काढून टाका. इथे प्राणी दिसण्याआधी ऐकू येतात.

मग दिसतं तरी काय?

पुष्कळ काही, पण त्यातलं बरंचसं लहान असतं. पिग्मी मार्मोसेट हे जगातल्या सर्वांत छोट्या माकडांपैकी एक. वजन शंभर-सव्वाशे ग्रॅम. झाडाच्या सालीला दातांनी भोकं पाडून डिंक चाटत बसलेलं असतं. एकदा भोकं पाडलेलं झाड सापडलं की गाइड तिथेच थांबतो, कारण ते परत येणारच. स्लॉथला तिथे ‘पेलेहो’ म्हणतात. सेक्रोपियाच्या झाडात तो वाळलेल्या पानांच्या गठ्ठ्यासारखा दिसतो आणि दहातले आठ वेळा तो खरोखरच वाळलेल्या पानांचा गठ्ठा निघतो.

माझा सगळ्यांत लाडका पक्षी म्हणजे होआत्सिन, स्थानिक नाव शान्शो. कोंबडीएवढा, डोक्यावर विस्कटलेला तुरा, निळा चेहरा. तो पानं खातो आणि गाईसारखी आंबवून पचवतो, त्यामुळे त्याला शेणाचा वास येतो. त्याच्या पिल्लांच्या पंखांना नख्या असतात. घाबरलं की पिल्लू सरळ पाण्यात उडी मारतं आणि मग नख्यांनी फांदीला धरून परत वर चढतं.

पक्ष्यांचे खरे वेडे असाल तर शहराजवळच्या आल्पाउआयो-मिशाना राखीव क्षेत्रात एक दिवस द्या. तिथे पांढऱ्या वाळूवर वाढणारं वेगळंच जंगल आहे. उआकारी नावाचं लाल तोंडाचं, टकलं माकड बघायचं असेल तर ताम्शियाकू-ताउआयोच्या बाजूला जा.

गुलाबी डॉल्फिन खरंच गुलाबी असतो का?

जन्मतः राखाडी, वय वाढेल तसा गुलाबी. नर जास्त गुलाबी दिसतात, कारण भांडणातल्या जखमा भरताना कातडी गुलाबी होते. या डॉल्फिनला मान वळवता येते. मानेचे मणके जुळलेले नसल्यामुळे तो पुराच्या दिवसांत झाडांच्या बुंध्यांमधून वळणं घेत मासे पकडतो. त्याच पाण्यात दुसरा, छोटा राखाडी डॉल्फिनही असतो, तुकुशी. तो पाण्याबाहेर उड्या मारतो. गुलाबी फक्त पाठ दाखवून सुस्कारा सोडतो आणि नाहीसा होतो, त्यामुळे फोटोत बहुधा पाणीच येतं.

दोन्ही जाती आता ‘संकटग्रस्त’ यादीत आहेत. २०२३च्या दुष्काळात ब्राझीलमधल्या तेफे तलावाचं पाणी इतकं तापलं की शंभराहून अधिक डॉल्फिन मेले.

काठावरच्या लोकांसाठी हा प्राणी म्हणजे ‘बुफेओ’. तो रात्री टोपी घालून, गोरा देखणा पुरुष होऊन जत्रेत येतो आणि पोरींना भुलवून नेतो, असं सांगतात. टोपी काढत नाही, कारण डोक्यावर श्वासाचं भोक आहे. ही गोष्ट आम्हाला सांगणाऱ्या आजीबाई हसत नव्हत्या, तेव्हा आपणही हसू नये.

पिरान्या असतात ना? पाण्यात उतरायचं?

असतात, आणि लोक त्याच पाण्यात आंघोळ करतात. गाइड जिथे उतरतो तिथे उतरा. पिरान्यापेक्षा वाळूत दडलेल्या पाकट माशाच्या शेपटीच्या काट्याची धास्ती जास्त. उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चला.

पकाया-सामिरियाबद्दल एवढं ऐकतो, तिथे काय खास?

वीस हजार चौरस किलोमीटरहून मोठं राखीव क्षेत्र आहे. देखरेख सेर्नान्प या सरकारी संस्थेकडे. प्रवेशाचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पॅकेजमध्ये ते धरलंय का, ते विचारा. नाउताकडून किंवा लागुनासकडून आत जाता येतं. लागुनासची वाट लांबची आणि साधी. राहणंही साध्या लाकडी चौथऱ्यांवर, मच्छरदाणीत.

पण मला तिथलं सगळ्यांत आवडलेलं काम म्हणजे कासवांचं. ‘तारिकाया’ जातीचं कासव नदी उतरल्यावर वाळूत अंडी घालतं. पूर्वी ही अंडी टोपल्या भरभरून बाजारात जायची. आता गावागावांतले गट रात्री काठ राखतात, घरटी हलक्या हाताने उकरतात आणि अंडी गावाजवळच्या राखलेल्या वाळूत जशीच्या तशी पुरतात. पिल्लं बाहेर आली की बहुतेक नदीत सोडतात, आणि काही ठरलेल्या कोट्यात विकायलाही परवानगी आहे. ‘विकतात?’ म्हणून एका सहप्रवासिनीने नाक मुरडलं. मला उलट त्यातच शहाणपण दिसलं. कासव राखण्यात गावाचा फायदा असला की चोरावर नजर गावच ठेवतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गेलात तर पिल्लं सोडताना बघायला मिळू शकतात.

‘आदिवासी नृत्य’ दाखवणारी सहल घ्यावी का?

इक्वितोसजवळ मोमोन नदीवर बोरा लोकांची वस्ती आहे. पर्यटकांची होडी लागली की मालोकात, म्हणजे त्यांच्या मोठ्या सामुदायिक घरात, नाच सुरू होतो. अंगावर लांचामा, म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. वीस मिनिटं नाच, मग माळा विकायला समोर. होडी गेली की टी-शर्ट आणि फुटबॉल. बरेच लोक इथून ‘सगळं नाटक आहे’ म्हणत परततात.

मीही तसाच परतलो होतो. नंतर त्यामागचा इतिहास वाचला. बोरा आणि मुरुई (यांना उइतोतोही म्हणतात) हे मूळचे पुतुमायो नदीच्या बाजूचे. रबराच्या तेजीत खुलिओ सेसार अराना याच्या कंपनीने त्यांना गुलामासारखं राबवलं, फटके मारले, उपाशी मारलं. हजारो माणसं गेली. ब्रिटिश अधिकारी रॉजर केसमेंट याचा अहवाल १९१२मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ते जगभर गाजलं. पुढे कोलंबियाशी सीमा ठरली आणि उरलेल्यांपैकी कित्येकांना मालकांनी पेरूच्या बाजूला, आंपियाकू नदीकडे हलवलं. म्हणजे आज तिकीट लावून नाचणारी माणसं ही त्या कत्तलीतून वाचलेल्यांची नातवंडं-पतवंडं आहेत. त्यांनी आपल्या नाचाचे पैसे घेतले तर बिघडलं कुठे?

तेव्हा जा, पण थोडं वेगळ्या रीतीने. गर्दीच्या होड्या गेल्यावर थांबा. मांगुआरेबद्दल विचारा. हे पोखरलेल्या ओंडक्यांचे दोन ढोल, मोठा ‘मादी’ आणि छोटा ‘नर’. बोरा भाषेत शब्दांना उंच आणि खालचा असे दोन सूर असतात, आणि ढोलावर त्या सुरांची आणि लयीची नक्कल करून निरोप धाडतात. ‘अमक्याने जाळं घेऊन यावं’ इतपत नेमका निरोप कित्येक किलोमीटर जातो. मी विचारल्यावर एका काकांनी माझं नाव वाजवून दाखवलं. नाचाच्या वेळी कंटाळलेला त्यांचा चेहरा तेव्हा एकदम खुलला.

वेळ असेल तर आणखी पुढे, पेबासच्या बाजूला आंपियाकूवर जा. तिथे पर्यटक तुरळक.

नदीकाठचे सगळेच लोक आदिवासी का?

नाही. पेरूत ५५ आदिवासी समाजांना सरकारी मान्यता आहे, त्यांपैकी ५१ अमेझॉनमधले. पण नदीकाठच्या कित्येक गावांतले लोक स्वतःला ‘रिबेरेन्यो’, म्हणजे काठचे, म्हणवतात. घरात स्पॅनिश बोलतात, मासे धरतात, केळी आणि कसावा (साबुदाणा होतो तोच कंद) लावतात. त्यांतल्या अनेकांची मुळं कुकामा या आदिवासी समाजात आहेत. पण शाळेत कुकामा बोललं की मार बसायचा, म्हणून आजोबांनी भाषा मुलांना दिलीच नाही. आता काही तरुण ती परत शिकत आहेत. कुणाला पहिल्याच भेटीत ‘तुमची जमात कोणती?’ विचारू नका. गप्पा झाल्या की तेच सांगतात.

फोटो काढायची परवानगी घ्यावी लागते का?

हो, दर वेळी. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारून.

मुलांसाठी चॉकलेट-वह्या न्याव्यात का?

चॉकलेट नको. वह्या-पेन्सिली न्यायच्याच असतील तर शाळेच्या बाईंकडे द्या. धक्क्यावर उभं राहून वाटलंत तर पुढच्या होडीकडे मुलं हात पसरून धावतात, आणि ही सवय आपण लावलेली असते.

गळ्यात स्लॉथ घेऊन फोटो काढता येतो म्हणे?

काढता येतो, म्हणूनच ही जागा टाळा. पहिल्या खेपेला विमानतळावर गाठ पडलेल्या एका एजंटाने आम्हाला अशाच एका घरी नेलं. एका मुलाने पोत्यातून स्लॉथचं पिल्लू काढलं आणि काही कळायच्या आत बायकोच्या गळ्यात अडकवलं. अशा पिल्लांसाठी बहुधा आईला मारलेलं असतं, आणि रान सोडून ती फार जगत नाहीत. जंगली प्राणी असे पकडून ठेवणं पेरूच्या कायद्याने गुन्हा आहे. जवळून बघायचंच असेल तर इक्वितोसच्या बचाव केंद्रात अनाथ मानाटी, म्हणजे पाणगाई, बाटलीने दूध पिताना बघा.

विमानतळावरच्या दलालांबद्दल एकच सांगतो, तिथे काहीही ठरवू नका. एका लॉजचे फोटो दाखवून दुसरीकडे नेलं जातं.

मी शाकाहारी आहे. खायला काय मिळेल?

भात, राजमासारखी घेवडा-उसळ, उकडलेला कसावा, तळलेली कच्ची केळी, अंडी, आणि ‘चोंता’, म्हणजे ताडाच्या कोवळ्या गाभ्याच्या फितींची कोशिंबीर. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणू नका. त्याचा अर्थ लाल मांस नको एवढाच घेतात आणि ताटात कोंबडी येते. ‘नी पोयो, नी पेस्कादो’, म्हणजे ना कोंबडी ना मासा, हे जोडा.

खाणाऱ्यांसाठी ‘हुआने’: बिखाओच्या पानात बांधून उकडलेला भात आणि कोंबडी. २४ जूनच्या सान हुआनच्या सणाला घरोघरी होतो. पाइचे हा तीन मीटरपर्यंत वाढणारा मासा ऑक्टोबर ते फेब्रुवारीत नदीतून धरायला बंदी असते. तेव्हा कुणी ताजा जंगली पाइचे म्हणून वाढला तर नको म्हणा. ‘सुरी’ म्हणजे ताडाच्या खोडातल्या जाड अळ्या. चव खोबरेलात तळलेल्या लोण्यासारखी, असं मित्र सांगतो. मी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला.

मासातो दिला तर प्यावा लागतो का?

मासातो म्हणजे कसाव्याची आंबवलेली पेज. पारंपरिक पद्धतीत बायका उकडलेला कंद थोडा चावून परत भांड्यात टाकतात. लाळेने पिष्टाची साखर होते आणि मग ते आंबतं. वाडगं पुढे येणं म्हणजे स्वागत. ओठाला लावून परत दिलं तरी चालतं, तोंड वाकडं केलेलं चालत नाही. पोटाचं भय खरं आहे, कारण त्यातलं पाणी नदीचं असू शकतं. औषध चालू आहे असं गाइडकडून सांगा, कुणी रागावत नाही.

आयावास्का घेऊन बघावं का?

आयावास्का म्हणजे जंगली वेल आणि पानं उकळून केलेला, भास घडवणारा काढा. २००८मध्ये पेरूने त्याच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा मानलं. शिपिबोंसारख्या समाजांत तो उपचाराचा भाग आहे. पण इक्वितोसच्या रस्त्यावर बॅकपॅकवाल्यांना विकला जातो तो धंदा निराळा. नैराश्यावरच्या गोळ्या चालू असतील तर हे मिश्रण जिवावर बेतू शकतं, हृदयविकार आणि मानसिक आजार असतील तरीही. अशा ठिकाणी स्त्रियांवर अत्याचार झाल्याची प्रकरणंही झाली आहेत. पेरूबाहेर बहुतेक देशांत ते बेकायदा आहे, त्यामुळे बाटली आणायचा विचारही नको. माझं मत विचाराल तर सहलीत बसवण्याची ही गोष्टच नव्हे.

बाहेरच्या जगाशी संपर्क नसलेल्या जमाती बघता येतात का?

नाही, आणि कुणी दाखवतो म्हणाला तर त्याची तक्रार करा. २००६च्या कायद्याने त्यांच्या प्रदेशांना संरक्षण आहे. आपल्या साध्या सर्दीने तिथे अख्खी वस्ती आडवी होऊ शकते.

खरेदी काय करावी?

चाम्बिरा ताडाच्या तंतूंच्या पिशव्या आणि झोळ्या. एक पिशवी विणायला किती दिवस लागतात ते विचारा, मग घासाघीस करावीशी वाटत नाही. शिपिबो बायकांचं ‘केने’ नक्षीचं कापडही सुंदर असतं. पिसं, दात, कातडी किंवा कासवाच्या पाठीचं काहीही घेऊ नका, विमानतळावर जप्त होतं आणि खटलाही होऊ शकतो. अंगावर उइतोच्या फळाने काळी नक्षी काढून घ्यायची हौस असेल तर ऑफिसला परतायची तारीख बघा. ती दोनेक आठवडे जात नाही.

नदीचं पाणी स्वच्छ आहे का?

प्यायला बाटलीचं किंवा उकळलेलंच. पण या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. मारान्योनच्या काठाने तेलाची पाइपलाइन जाते आणि ती वर्षानुवर्षं फुटत आली आहे. काठच्या कुकामा बायकांच्या संघटनेने कोर्टात दावा लावला, आणि मार्च २०२४मध्ये नाउताच्या कोर्टाने मारान्योन नदीला स्वतःचे हक्क आहेत असा निकाल दिला. मुक्तपणे वाहण्याचा आणि प्रदूषणापासून मोकळं राहण्याचा हक्क त्यात आला. संघटनेच्या अध्यक्ष मारी लुस कानाकिरी यांना २०२५चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. कुकामांच्या समजुतीप्रमाणे नदीच्या तळाशी ‘कारुआरा’ लोकांची गावं आहेत, आणि बुडून गेलेली, सापडली नाहीत ती माणसं तिथे राहतात. म्हणजे त्यांच्या लेखी तेल सांडतं ते नातेवाइकांच्या घरावर.

पैसे आणि फोन?

चलन सोल. एटीएम इक्वितोसमध्येच वापरून घ्या आणि सुट्ट्या, छोट्या नोटा न्या. गावात शंभर सोलची नोट मोडत नाही. डॉलर नेलेत तर कोरे करकरीत. कोपरा जरा फाटला की घेत नाहीत. फोनला रेंज क्वचित, वीज बऱ्याच गावांत संध्याकाळी जनरेटर चालू असेल तेवढाच वेळ. पॉवरबँक घ्या.

परतीचं विमान कधीचं काढावं?

होडीतून उतरायच्या दिवशीचं कधीच नको. मधे एक मोकळा दिवस ठेवा. आमचं इंजिन सकाळी वाटेत बंद पडलं आणि दुसरी पेके-पेके, म्हणजे छोट्या इंजिनाची होडी, येईपर्यंत चार तास आम्ही तरंगत्या वेलींमध्ये अडकून होतो. होडीवाला तेवढ्यात गळ टाकून बसला आणि दोन मासे धरले.